उजव्या अंगाला

प्रबुद्धनं कसलंसं बटण दाबलं आणि शालूआक्का गप्प झाल्या. रंगुबाईंचे टाळ गप्प झाले, जाईबाईंची ढोलकी थांबली. म्हणजे बायका तिथंच होत्या, सतरंजीवर पाय पसरून बोलत होत्या, रंगुबाईंनी तर फडक्यातली दशमी सोडलीही होती. गप्प झाल्या त्या कोपऱ्यातल्या दोन काळ्या स्पीकरांतून, ज्यांच्यातून आत्ता घटकेपूर्वी चौघींचं भजन खोलीभर घुमत होतं. सगळं गेलं आणि एकटी पेटी उरली. कुणाची, ते राजेश्वरीला पहिल्यांदा कळलंच नाही. बरं वाजवतंय कुणीतरी, एवढंच मनात आलं. स्वच्छ, न घाबरता, सकाळी अंगणात सडा टाकत जावं तसं. मग धैवतावरून खाली येताना एका जागी सूर जरासा रेंगाळला, उंबऱ्यात थांबून कुणी मागं वळून बघावं तसा. ते रेंगाळणं तिच्या ओळखीचं होतं. ते तिच्या करंगळीशेजारच्या बोटाचं होतं.

“कुणाची ही?” तरीही तिनं विचारलं.

“तुमचीच की, काकू. बाकीच्या तिघींना झाकून ठेवलंय मी. ही नुसती तुमची ओळ.”

साताऱ्यात लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात मंगळवारी पेटीला बसत आली होती. पण पेटी देवळाची. भजन संपलं की तिच्यावर खोळ चढायची आणि ती गाभाऱ्याशेजारच्या कपाटात जायची. घरात पेटी नव्हती, घ्यावी असं कुणाला वाटलंही नव्हतं, आणि तिनं कधी तसा शब्द काढला नव्हता. त्यामुळं आपली बोटं एकटी असताना कशी वाजतात हे तिला ठाऊकच नव्हतं, जशी आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. बसायचं ते शालूआक्कांच्या उजव्या अंगाला, जरा मागं सरून. पुढची पेटी आक्कांची, बाजूची हिची. आक्का गायच्या, वाजवायच्या, आणि ही त्यांच्या हाताकडं डोळे लावून खालचा सूर धरून ठेवायची. आक्कांचं बोट पडलं की आपलं पाडायचं, उठलं की उठवायचं; तुळशीला पाणी घालणं, पोथीचा एक अध्याय, सांजवात, यांच्यासारखाच तो एक नेम होऊन गेला होता. नवीन असताना एकदा ती चुकून डावीकडं बसली, तर आक्कांनी न बोलता नुसतं बोटानं दाखवलं होतं, इकडं. डावी बाजू मानाची असेल, कुणा मोठ्या बाईसाठी राखलेली असेल, असं समजून ती उठली होती, आणि पुन्हा कधी तिकडं बसली नव्हती. तिकडं कुणी मोठी बाईही कधी येऊन बसली नव्हती, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि यंदा रामनवमीला, सुंठवडा वाटून झाल्यावर, देवळाच्या पायरीवर चपलेत पाय घालता घालता आक्का म्हणाल्या होत्या, “राजी, मागं राहतेस गं अलीकडं. सगळ्यांचं थांबतं आन तुझं एकटीचं वाजत राहतं. आषाढीपासनं चार म्हैनं जरा पेटीला इश्रांती दे. आमची प्रियांका बसंल.” प्रियांका त्यांची नात, क्लासात शिकलेली, तिची बोटं पाण्यातल्या मासोळ्यांसारखी पळायची. आक्का वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांचा स्वर भाजीत मीठ जरा कमी आहे हे सांगावं असाच होता. ही “बरं आक्का” म्हणाली, घरी आली, देवापुढं निरांजन लावलं, आणि पोथीचा तोच अध्याय दोनदा वाचला. मग हळूहळू, आठवडे जाता जाता, तिनं त्या दुखण्याला एक जागा करून दिली. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. प्रत्येक बाई त्या दिवशी काहीतरी सोडते. एका वर्षी तिनं गूळ सोडला होता, एका वर्षी वांगं. आवडतं तेच सोडावं, नावडतं सोडण्यात देवाला काय मिळणार. तर यंदा पेटी सोडायची. मग आपल्याला कुणी उठवलं असं व्हायचं नाही, आपण दिलं असं होईल. चार महिन्यांनी कार्तिकीला नेम सुटला तरी त्या जागेवर प्रियांका बसलेली असेल आणि तिला कोण उठवणार. हे तिला माहीत होतं. देवाला देतोय की आक्कांवर रुसतोय, हे मात्र नक्की कळत नव्हतं, आणि पोथी वाचताना मधूनच हा प्रश्न ओळींच्या मध्ये येऊन बसायचा. एकादशी उद्या होती. आज सांगलीत मंडळाच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग होतं. म्हणजे आज वाजवायचं ते शेवटचं.

सकाळच्या एसटीत हाच विषय निघाला होता. अजिंक्यतारा मागं पडला, खिडकीच्या काचा खडखडायला लागल्या, आणि रंगुबाईंनी पान जुळवत सुरुवात केली, “मी बाई यंदा कारलं सोडणार.”

“तू कारलं खातेस कवा?” जाईबाई म्हणाल्या. “गेल्या साली पडवळ सोडलंस, त्येच्या आदल्या साली सुरण. देव काय येडा हाय व्हय?”

“आगं पण माझ्या घरात कारलं करायचं बंद हुतंय का न्हाई? सून करती की. तिचाबी वाचतोय ताप.”

“मग तंबाखू सोड.”

“ते सोडून कसं चालंल? भजनाला आवाज कुठनं लागायचा?”

सगळ्या हसल्या. आक्का पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या, त्यांनी डोकं वळवून विचारलं होतं, “आन राजी, तू गं?” ती म्हणाली, “ठरवलं न्हाई अजून, आक्का.” हे खोटं होतं, आणि दशमीच्या दिवशी सकाळी सकाळी खोटं बोलल्याचं तिला कऱ्हाडपर्यंत टोचत राहिलं.

स्टुडिओ म्हणजे विश्रामबागेत एका सायकलच्या दुकानावरचा माळा होता. भिंतींना आणि छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. राजेश्वरीनं नाकाला पदर लावला, पण वास काहीच नव्हता. रंगुबाई मात्र चहूकडं बघत म्हणाल्या, “बया. एवढी अंडी खाल्ली कुणी?” प्रबुद्ध हसून म्हणाला, “आवाज बाहेर जाऊ नये म्हणून असतात ते, मावशी. ट्रे कोरे आणलेत, अंडी न बघितलेले.” मूळचा जतकडचा हा मुलगा; तिशीच्या अलीकडला, पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेला. टेबलामागं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. राजेश्वरीनं आत येताच सवयीनं हात जोडले होते. एप्रिलभर त्याच्याकडं जयंतीच्या कॅसेटा व्हायच्या, नंतर लग्नातली वाजंत्री, आता ह्या बायका. देवळाची पेटी आणू नका, असं त्यानं फोनवरच सांगितलं होतं. तिचा भाता करकरतो आणि ते सगळं माईकमध्ये येतं. त्याऐवजी त्याच्याकडं दोन की-बोर्ड होते आणि रबराच्या चौकटी असलेली दोन पॅडं, एकावर ढोलकी वाजायची, एकावर टाळ. सगळ्यांच्या वायरी एका डबीत आणि डबीची वायर कॉम्प्युटरात. “ह्याच्यात आवाज भरत नाही, काकू,” तो म्हणाला होता. “कुठलं बोट केव्हा पडलं, किती जोरात, केव्हा उचललं, एवढंच हा लिहून घेतो. पेटीचा, ढोलकीचा आवाज मागनं कुठला पण लावता येतो. गाणं पुढच्या आठवड्यात माईकवर घेऊ.” ते ऐकून तिला चित्रगुप्त आठवला होता. तोही बहुतेक बोललेलं लिहीत नसेल; हात कधी पुढं झाला आणि कधी मागं घेतला, एवढंच.

आधी त्यानं रीतीप्रमाणं एकेकीला बसवलं. कानात टिकटिक ऐकायची आणि आपलं आपलं वाजवायचं, एकीचं झालं की दुसरीचं, मग सगळी थप्पी एकावर एक. आक्का बसल्या आणि पहिल्या कडव्यातच अडखळल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा तिथंच. रंगुबाईंनी टाळाच्या रबरावर चार ठोके दिले आणि काडी खाली ठेवली. “एकटीनं काय वाजवायचं? मयताच्या घरात धपाधपा कपडे धुतल्यावानी वाटतंय.” जाईबाईंना टिकटिक ऐकून झोप येत होती. शेवटी प्रबुद्धनं डोक्यावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, “बरं. चौघींनी एकदमच वाजवा. देवळात बसता तशा बसा.” आणि देवळात बसतात तशाच त्या बसल्या, फक्त खुर्च्यांवर: आक्का, त्यांच्या उजव्या अंगाला ही, समोर ढोलकी आणि टाळ.

पहिल्या खेपेला मोठी गंमत झाली. प्रबुद्ध चौघींना चार नंबर द्यायचे विसरला, आणि चौघींचं वाजवणं कॉम्प्युटरात एकाच ओळीत जाऊन पडलं. ऐकायला लावलं तर ढोलकी पेटीच्या आवाजात, टाळ पेटीच्या आवाजात, बारशाला आलेली सगळी पोरं एकदम पेटीवर चढावी तसा कालवा. जाईबाई हसून हसून रडल्या. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या गलक्यात कान देऊन म्हणाल्या, “ह्याच्यातबी शेवटाला वाजत राहिलेली राजीच हाय, बघा.” आणि राजेश्वरीनं पदर सारखा केला. खरंच होतं ते. सगळा कालवा थांबला तरी एक सूर मागं उरला होता, जेवणं आटोपल्यावर पंगतीत एकटंच कुणी बसून राहावं तसा.

मग प्रबुद्धनं एका की-बोर्डाला एक नंबर दिला, दुसऱ्याला दोन, पॅडांना पुढचे. पडद्यावर चार ओळी मांडल्या, प्रत्येक ओळीला सांगितलं की तू फक्त ह्याच नंबरचं ऐकायचंस, आणि चारही ओळींच्या डोक्यावर लाल ठिपके पेटले. चौघी एकदम, तरी चौघी वेगळ्या. ते लाल ठिपके बघूनच तिला उगीचच उत्साह आला होता. देवळात दीपमाळ लावताना येतो तसा. आणि त्या खेपेला भजन लागलं. आक्कांनी स्वतः जुळवलेलं तुळशीचं भजन ते, पण आज त्याला कुठंतरी वेगळीच धार होती. आणि त्यानंतरच प्रबुद्धनं ते बटण दाबलं आणि तिघी गप्प झाल्या.

आता तो तिला पडद्याजवळ बोलावत होता. “या की, काकू. एक गंमत दाखवतो.” पडद्यावर आखीव कागदासारख्या उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्यावर रंगीत आडव्या काड्या, ओळीनं, काही लांब, काही तोकड्या. “काडी सुरू होते तिथं बोट पडलं. संपते तिथं उचललं. वरची ओळ शालूमावशींची, खालची तुमची.” तिनं चष्मा पुसला. भाताच्या खाचरातली रोपं असावीत तशा काड्या. तिची प्रत्येक काडी आक्कांच्या काडीच्या खाली होती, पण बरोबर खाली नव्हती. जराशी डावीकडं सरकलेली.

“डावीकडं म्हणजे?”

“म्हणजे आधी.”

“आधी म्हणजे माझं चुकतंय?”

“चुकतंय कुठं?” तो पडद्यावर पेन्सिल टेकवत म्हणाला. “बघा, इथं तुम्ही. मग शालूमावशी. मग ढोलकी, मग टाळ. इथं पण तसंच. आणि इथं. प्रत्येक ओळीला तुम्ही आधी, बाकीच्या तुम्हाला धरून. आणि हे शेवटाला, सगळ्यांच्या काड्या संपल्या आणि तुमची अजून चालू हाय. म्हणजे बघा, दार उघडणार पण तुम्ही आणि लावून घेणार पण तुम्ही. एकेकीचं वेगळं घेतलं असतं तर हे कधी दिसलं नसतं.”

तिचे कान तापले. आधी तिनं मागं वळून पाहिलं, आक्कांनी ऐकलं तर नाही ना. आक्का रंगुबाईंशी लसणाच्या चटणीबद्दल बोलत होत्या. मग तिला हसू यायला लागलं, कुठून येतंय ते कळेना. देवळात आरतीच्या ऐन वेळी लहानपणी यायचं तसलं, दाबलं की वाढणारं. ती ओठ मिटून पडद्याकडं बघत राहिली. मी आक्कांच्या हाताकडं बघून वाजवते. आक्कांचं बोट पडलं की माझं. मग माझं आधी कसं पडेल? आणि काडी तर तिथं होती. एक नाही, सगळ्या. छातीत इतक्या जोरानं ठोके पडत होते की प्रबुद्धच्या त्या डबीची वायर लावली असती तर पाचवी ओळ उमटली असती. आणि माहेरच्या, दहिवडीच्या घरातलं जातं एकदम समोर आलं. माण तालुक्यातली ज्वारी, दगडासारखी. आई आणि ती समोरासमोर पाय पसरून बसलेल्या, एका खुंट्यावर दोघींचे हात. वडील मुंबईला, घरात दोघीच. ती दहा-अकराची असेल. आई ओढते आणि आपण नुसता हात ठेवलाय, अशी तिची खात्री असायची. आईला कमी पडू नये म्हणून ती जमेल तेवढा रेटा द्यायची, बस. एकदा मध्येच दारात कुणी हाक मारली, आणि आईनं मान वळवून ओ दिली, बोलत राहिली, पदरानं कपाळ पुसलं. दोन्ही हातांनी पुसलं. आणि जातं फिरत होतं. पीठ पडत होतं. तिनं खुंट्याकडं पाहिलं तर त्याच्यावर एकच हात होता, आणि तो तिचा होता. आणि ते दिसल्याबरोबर तिची घाबरगुंडी उडाली आणि जातं थांबलं. आई हसली होती. आई म्हणाली होती, “बघितलंस म्हणून थांबलं.”

पण तिला असलं एकदम पदरात घ्यायची सवय नव्हती. ती हळूच म्हणाली, “भाऊ, यंत्राचं काही चुकलं असंल. माझी वायर आखूड असंल.” प्रबुद्धला ते पटलं, डबी कधीकधी एका वायरीला वेळ लावते, तो म्हणाला, आणि मोठ्यानं सांगितलं, “एकदा जागा बदलून घेऊया. शालूमावशी, तुम्ही ह्या की-बोर्डवर. काकू, तुम्ही त्यांच्या.” आक्कांनी कुरकुर केली. “आत्ता चांगलं लागलंय, मोडता का?” पण उठल्या. आणि अशी कितीतरी वर्षांनी ती आक्कांच्या डाव्या अंगाला बसली.

ठिपके पेटले. जाईबाईंनी ठेका धरला. राजेश्वरीनं नेहमीप्रमाणं आक्कांच्या हाताकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं तो हात खरोखर पाहिला. तो पडत नव्हता. पांढऱ्या पट्ट्यांवर, दोन बोटांच्या उंचीवर, तरंगत होता. वाट बघत होता. आक्कांची मान हळूहळू वळत गेली, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, उजवा कान हिच्याकडं आणायला. कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं. पहिल्या कडव्यात आक्कांनी सूर धरला, दुसऱ्यात सोडला, मग भलत्याच पट्टीवर बोट पडलं, आणि आक्का थांबल्या. मंगळवारी वीज गेली, पाऊस शिरला, एकदा तर देवळात साप निघाला तरी न थांबलेल्या आक्का.

“ही खुर्ची मला मानवत न्हाई,” त्या म्हणाल्या. “जागच्या जागी बसू द्या मला.”

“म्हातारपणी एवढा हेका?” रंगुबाई म्हणाल्या. “खुर्ची ती खुर्ची.”

“तुझं ढुंगण कुठंबी बसतंय, माझं न्हाई.”

हशा झाला. राजेश्वरी हसली नाही. प्रबुद्ध पडद्याकडं बघत तिला खूण करत होता. मोडलेल्या त्या दीड कडव्यात आक्कांच्या काड्या रानात मेंढरं उधळावीत तशा पसरल्या होत्या. तिच्या मात्र सगळ्या रेघेवर होत्या, दुसऱ्याच की-बोर्डवर, दुसऱ्याच वायरीतून, सरळ एकामागं एक. तिनं ते पाहिलं, आणि मघाचं हसू आलं नाही. त्याच्या जागी काहीतरी मोठं आणि मऊ आलं, ज्याला काय म्हणावं ते तिला कळेना. भीती होती त्यात थोडी. इतकी वर्षं आपण ज्या हाताला धरून चाललो तो हात आपल्याला धरून चालला होता, आणि दोघींपैकी कुणीच पडलं नव्हतं.

पुन्हा जागच्या जागी. आक्का, आणि उजव्या अंगाला ही. तिनं पाटावर बसताना सरसावतात तशी खुर्ची पुढं ओढली, रोज बसायची त्याहून वीतभर पुढं. ठिपके लाल झाले. आणि ह्या खेपेला तिनं आक्कांच्या हाताकडं पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर अंड्याच्या ट्रेचा एक खळगा होता, तिथं नजर ठेवली. पहिल्या सुराला बोट नेताना पाऊल अंधाऱ्या जिन्यावर टाकावं तसं झालं, पायरी असेल की नसेल. होती. पुढचीही होती. मग ती भीती कुठल्या कुठं गेली आणि बोटांना पाय फुटले. तिला ऐकू येत होतं: आपला सूर पडतोय, आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासाच्या फटीएवढ्या अंतरानं, आक्का त्याच्यावर येऊन उभ्या राहतायत, भरल्या गळ्यानं, आणि त्यांच्या पाठीवर ढोलकी, आणि ढोलकीच्या डोक्यावर टाळ. इतके दिवस हे असंच होत होतं आणि आपण डोळे तिकडं लावल्यामुळं कान इकडं नव्हते. तिसऱ्या कडव्याला तिनं, केवळ बघावं म्हणून, जरा ओढ दिली. सगळ्या आल्या. जरा सैल सोडलं. सगळ्या सैलावल्या. तिच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यातून तो खळगा देव्हाऱ्यातल्या समईसारखा हलताना दिसायला लागला. रामकृष्णहरी, ती मनात म्हणाली, माफ कर, एवढा आनंद चांगला नव्हे. पण बोटं थांबली नाहीत. शेवटी भजन उतरलं, आक्का थांबल्या, ढोलकी थांबली, टाळ थांबले, आणि तिनं शेवटचा सूर सवयीनं नव्हे, आता मुद्दाम, धरून ठेवला, सगळ्या घरात परतेपर्यंत. आणि मग दार लावून घेतलं.

खालच्या दुकानात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. मग प्रबुद्ध म्हणाला, “झालं. हेच ठेवायचं.” त्यानं फ्लॉपीवर उतरवून घेतलं, आणि सहज सांगितलं की सगळ्यांच्या काड्या बरोबर रेघेवर एकाखाली एक बसवायचंही बटण आहे, बसवू का? राजेश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं. पण आक्काच बोलल्या, पिशवी आवरत, मान वर न करता. “नगं बाबा. सगळ्या एकदम पडल्यावर कोण कुणाला धरून गेली ते कसं कळायचं?”

“कळून करायचंय काय?” जाईबाई म्हणाल्या.

“असूं दे की,” आक्का म्हणाल्या.

परतीच्या एसटीत जागा भरपूर होती. आष्ट्याच्या पुढं उसाची रानं दोन्ही अंगांनी धावायला लागली. रंगुबाई आणि जाईबाई मागं एकमेकींच्या खांद्यावर पेंगत होत्या. राजेश्वरीच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, आणि भूक अशी नव्हतीच. मांडीवर ठेवलेली बोटं पदराच्या काठावर आपली आपण पडत उठत होती. ती खिडकीशी बसली होती, आक्का तिच्या डावीकडं. म्हणजे ती पुन्हा उजव्या अंगालाच होती. जागा कुणी सांगितली नव्हती. आक्का वाटेत थांबल्या होत्या, हिला आधी आत जाऊ दिलं होतं. हे आत्ता ध्यानात आलं, आणि त्यासरशी बाकीचंही एकापाठोपाठ एक यायला लागलं. हळदीकुंकवाला आक्का भिंतीच्या कुठल्या कडेला बसतात ते. डावीकडून प्रसाद दिला तर हात पुढं होत नाही, आणि बायका म्हणतात आक्कांना ताठा फार. देवळातली ती कायम रिकामी राहणारी डावी बाजू.

“राजी,” आक्का म्हणाल्या. “उद्या काय सोडणार मग? सकाळी बोलली न्हाईस.”

ठरलेला शब्द ओठांपाशी होता. इतके आठवडे तिनं तो घासून पुसून तयार ठेवला होता. तिनं तो गिळला. देवाला अजून सांगितलं नव्हतं, मनातच होतं, आणि मनातलं त्याला ठाऊक असलं तरी तो घाई करत नाही. पण आवडतं सोडावं हा नेम तर नेमच. ह्या सगळ्या वर्षांत सगळ्यात जिवाला लागलेलं काय होतं, सोडताना खरंच हात रिकामा वाटेल असं काय होतं, ते तिनं शोधलं, आणि ते तिथंच होतं, पिशवीच्या बंदांत गुंतलेलं, शिरा आलेलं, अंगठीनं वळ पडलेलं.

“आक्का, रागावू नका,” ती म्हणाली. “तुमच्या हाताकडं बघणं सोडते.”

एसटीनं गचका खाल्ला. आक्का समोर बघत राहिल्या. इतका वेळ की तिला वाटलं, ऐकू गेलंच नाही.

“चार म्हैनं?”

“चार म्हैनं. आन कार्तिकीला बघू.”

“प्रियांकाला मी टाळ शिकवते,” आक्का म्हणाल्या. “रंगीला तंबाखूतनं येळ कुठाय.” मग पिशवी ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतली, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात, जणू उसाला सांगावं तसं, म्हणाल्या, “बघू नगंस. पण बसायचं तिथंच हां, जरा पुढं सरून. ह्या डाव्या कानानं मला तुझ्या लग्नाच्या आधीपासनं काय ऐकू येत न्हाई.”